गैरहजेरीचं कारण

सहावीच्या पुस्तकात इजिप्तला पाऊण पान.
त्यातलं अर्धं पिरॅमिडच्या चित्राला,
उरलेल्यात नाईल, ममी, राजा, मांजर.
पूर शिकवायला वेळ लागला नाही.
आमच्या पूर्व भागात पाणी चार दिवसाआड,
नळ सुसायला लागला की रात्री दोनलाही
अख्खी गल्ली घागरी घेऊन उठते.
पोरांना कळतं,
पाण्याच्या वारावर माणसं पंचांग कसं बांधतात.

अडलो ते पुढं.
तिसऱ्या बाकावरची शिरीषा दुस्सा, आई विड्या वळते,
हजारामागं किती कापून घेतात ते पोरीला तोंडपाठ,
उभी राहून म्हणाली,
"सर, दगड ओढणाऱ्यांना पगार कोण देत होतं?
का नुसतंच?"

घंटा झाली. बरं झालं.

मग शोधत बसलो.
नाईलच्या पश्चिमेला थडगी कोरणाऱ्यांची वस्ती,
तिथल्या चुनखडीच्या एका खपलीवर हजेरीपट,
तीन हजार वर्षांच्याही मागचा.
काळ्या शाईत तारीख,
तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण.

पेन्दुआ : खोन्सूबरोबर प्यायला बसला.
सेबा : विंचू चावला.
हुयनेफेर : डोळे दुखतात.
कुणी घरी जवाची दारू लावत होता.
कुणाच्या लेकीला कावळा शिवला होता,
म्हणून बाप घरी.

लाल शाई पाहिली आणि नायना आठवले,
गिरणीचे टाइमकीपर बालय्या गुंडेटी,
दोन दौती, दोन टाक, कानामागं पेन्सिल.

इरण्णा हत्तुरे : गड्ड्याला गेला, अजून उतरली नाही.
मौलाली : डोळे आले.
सत्तय्या : विंचू, साच्याखालचा.

साहेब म्हणायचा, नुसतं गैरहजर लिही, शाई वाचेल.
नायना म्हणायचे, माणूस इथं नव्हता
तर कुठं होता, ते नको का?

त्या वस्तीतही एकदा धान्य आलं नाही.
अठरा दिवस.
माणसांनी छिन्न्या खाली ठेवल्या,
भिंती ओलांडून देवळामागं जाऊन बसली.
भुकेनं आणलंय आम्हाला, म्हणाली, तहानेनं.
कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही.
कारकुनानं सगळं उतरवून ठेवलं.
राजा देव होता,
आणि देवाकडं बाकी थकली होती.

आमच्या गिरणीच्या फाटकाला नोटीस लागली तेव्हा मी आठवीत.
नायनांनी सदऱ्याखालून मस्टर घरी आणलं.
रोज सकाळी सातला उघडायचे,
भोंगा नसताना.
सगळी नावं, एकेक, ओठ हलवत,
आणि प्रत्येकापुढं लाल शाईत : गिरणी नाही.
गिरणी नाही. गिरणी नाही.
दौत संपल्यावर पेन्सिलीनं.
आई म्हणायची, पुरे की आता, भाकरी निवतीय.

ममीच्या पट्ट्या नेहमी नव्या कापडाच्या नसत.
घरातलंच जुनं फाडायचे,
काठावर कधी मालकाचं नाव तसंच राही.
त्याच खपलीवर खाली कुठंतरी
हेह्नखू : आईला गुंडाळत होता.
या ओळीवर माझं बोट थांबलं, पुढं सरकेना.

नायना गेले त्या उन्हाळ्यात, बेचाळीस डिग्रीत,
त्यांना गिरणीच्याच मांजरपाटात गुंडाळलं.
ट्रंकेत तळाशी जपलेला तागा,
कडेला निळा शिक्का, निम्मा पुसलेला.
तो छातीवर यावा म्हणून भाऊजींनी
दोनदा घडी मोडली.
शाळेच्या रकान्यात माझ्यापुढं लिहिलं गेलं :
किरकोळ रजा.

आज उत्तर घेऊन वर्गात गेलो.
धान्यात, म्हणणार होतो, पगार धान्यात मिळायचा,
आणि थकला तेव्हा ते बसले.
तिसरा बाक रिकामा.
"पाणी आलंय सर तिच्याकडं," शेजारची म्हणाली,
"काय की, आज दिवसाच सोडलंय."

रकाना बोटभर. छापील.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.